चुकले तर हक्काने सांगा!



‘आमचे काही चुकले तर हक्काने सांगा,’ असे आपण सर्वच म्हणतो. पण कोणी खरोखर सांगितले की आपला चेहरा उतरतो. ‘हे कोण आम्हांला सांगणारे?’ असे मनात येते आणि पुढचे काही रविवार आपण त्या व्यक्तीची नजर चुकवतो. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही.

आपल्यापैकी अनेक जण भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत काम करतात. लाईनवरच दोष सापडला तर तिथेच दुरुस्त होतो. ग्राहकाकडे गेला तर माल परत येतो. म्हणून दोष दाखवणाऱ्यावर शहाणा कामगार रागावत नाही. मग घरी पत्नीने किंवा मुलाने दोष दाखवला, तर तो अपमान का वाटावा?

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १२) नाथान संदेष्टा दावीद राजाला एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली. राजा संतापला, त्याने शिक्षाही सुनावली. गोष्ट दुसऱ्याची वाटत होती तोवर त्याचे कान उघडे होते. आपणही प्रवचन ऐकताना शेजारच्या बाकाकडे पाहतो! पण तो श्रीमंत आपणच, हे कळल्यावर दावीदाने सबब सांगितली नाही. त्याने पाप कबूल केले.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेल्या सिनडमध्ये जगभरातील सामान्य भाविकांचे मत विचारले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सिनड संपले. ऐकून घेण्याचे काम मात्र संपलेले नाही. एकदा बोलून दुखावलेला माणूस पुन्हा बोलत नाही. कधी कधी तो मिस्सालाही येईनासा होतो. आपण एक बंधू गमावतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

सांगणाऱ्यालाही प्रभू येशूने मार्ग दाखवला आहे (मत्तय १८:१५): आधी एकांतात सांगावे. चारचौघांत पाणउतारा करणे किंवा पाठीमागे कुजबुजणे ही बंधुप्रीती नव्हे.

ह्या आठवड्यात घरातील एका व्यक्तीला आपण विचारू या, ‘माझ्या कोणत्या वागण्याचा तुला त्रास होतो?’ आणि मध्ये न बोलता तिचे पूर्ण ऐकू या. ते ओझे घेऊन प्रायश्चित्त संस्काराला जाऊ या.

प्रभू आपल्याला ऐकणारे कान आणि नम्र अंतःकरण देवो. आमेन.