बुडत्या कंपनीच्या कारभाऱ्यांस बक्षीस द्यावें काय?

बीड येथील ज्ञानराधा पतसंस्थेच्या ठेवीदारांस २०२३ सालीं पैसे मिळेनासे झाले, तेव्हांपासून आपल्या गांवोगांवीं ठेव आणि कारभारी ह्यांविषयीं बोलणें चालतें. तें प्रकरण न्यायालयापुढें आहे; त्याचा निर्णय आम्ही येथें करीत नाहीं. परंतु एक सामान्य प्रश्न विचारण्याजोगा आहे. संस्था बुडत असतां तिच्या वरिष्ठांस, वेतनाखेरीज ठरलेलें बक्षीस, ज्यास बोनस म्हणतात, तें मिळावें काय?

मिळावें म्हणणारे कराराकडे बोट दाखवितात. अमेरिकेंत एआयजी ही विमा कंपनी २००८ सालीं बुडूं लागली, तेव्हां सरकारनें तिला लोकांच्या पैशानें वांचविलें. आणि २००९ च्या मार्चांत तिनें आपल्या माणसांस सुमारें १६ कोटी ५० लक्ष डॉलर वांटले. करार मोडवत नाहीं, आणि जाणते लोक निघून गेल्यास पसारा कोण आवरील, असें कारण देण्यांत आलें. हें म्हणणें अगदींच पोकळ नव्हे. दिलेलें वचन पाळलेंच पाहिजे.

पण आपल्या ऊसतोड जोडप्याचा करार पाहा. मुकादमाकडून उचल घेऊन तें कारखान्यावर जातें. बाई तापानें पडली तर खाडा धरून पैसे कापतात. हंगामांत उचल फिटली नाहीं तर बाकी पुढल्या वर्षाच्या मानेवर बसते. दिलेलें परत घेण्याची ही रीत गरिबास नवी नाहीं. तीच रीत कोटींचें बक्षीस घेणाऱ्यास लावूं म्हटलें कीं करार एकाएकीं पवित्र होतो, हें आम्हांस उमगत नाहीं.

वेतन श्रमाचें आहे. तें बुडत्या कंपनींतही द्यावें. कामगारांचा बोनसही आम्ही वेगळा धरितों. १९६५ च्या कायद्यानें तोट्यांतही किमान बोनस ठरविला, तो योग्यच. गाडी कोणीकडे न्यावी हें कामगारास कोणी विचारिलें नव्हतें. वरिष्ठाचें बक्षीस मात्र गाडी नीट हांकल्याबद्दल असतें. ती ओढ्यांत गेल्यावर तें कशाबद्दल?

येस बँकेच्या मंडळानें २०१९ सालीं, माजी प्रमुख राणा कपूर ह्यांस २०१४-१५ व २०१५-१६ ह्या वर्षांबद्दल दिलेलें बक्षीस परत घेण्याचें ठरविलें. मार्च २०२० मध्यें त्याच बँकेच्या ठेवीदारांस कांहीं दिवस ५०,००० रुपयांवर काढतां येत नव्हते. त्याच वर्षाच्या एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेनें खासगी बँकांस नियम लाविला: वरिष्ठांच्या कामगिरीवर अवलंबून असलेल्या मोबदल्यापैकीं निदान ६० टक्के भाग किमान तीन वर्षें लांबणीवर टाकावा, आणि कारभार वाईट निघाल्यास तो रोखतां किंवा परत घेतां यावा. नियम आम्हांस पसंत आहे. मुदत मात्र आंखूड वाटते. बुडीत कर्ज उघडें पडावयास कित्येकदां पांच वर्षें लागतात.