शहराचं देवक

पोर्तुगालातही एक मीरा आहे. कोईंब्रा जिल्ह्यातली, समुद्राकाठची, जेमतेम बारा हजार वस्तीची नगरपालिका. नावाचा योगायोग, बाकी काही नाही. पण तिला स्वतःची ढाल आहे, झेंडा आहे. आपल्या मीरा-भाईंदरची वस्ती 2011 च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली. महापालिकेचं बोधचिन्ह घरपट्टीच्या बिलावर आपण पाहतो, पण डोळे मिटून ते सांगा म्हटलं तर किती जणांना जमेल?

तिकडच्या चिन्हांना व्याकरण आहे. ढालीवर दगडी तटाचा मुकुट, खेड्याला तीन बुरूज, गावाला चार, शहराला पाच. सगळे चांदीचे, सोन्याचा मुकुट फक्त लिस्बनला. मुकुट मूळचा रोमन, शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्या शिपायाला मिळायचा. त्या हिशेबानं 1739 साली वसईला भिडलेल्या चिमाजीअप्पांच्या फौजेत बरेच मुकुट वाटावे लागले असते.

वसई ते भाईंदर हा सगळा मुलूख दोनशे वर्षं पोर्तुगिजांकडे होता. घोडबंदर 1737 त मराठ्यांकडे आलं, उत्तनजवळचा धारावी किल्ला 1739 त. मागं काय राहिलं ते वसई किल्ल्याच्या दरवाज्यावर बघावं: राजाची ढाल, क्रूस, कड्यांचा खगोल. सगळं राजाचं. राई, मुर्धे, उत्तन या इथल्या गावांतलं काहीच नाही. मायदेशी आज खेड्यालाही ढाल देणारी रीत तेव्हा इथं नुसती मालकीची खूण होऊन आली.

म्हणून ही रीत उचलायचं कारण नाही. आपल्याकडं कुळाचं देवक आहे. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाचा शंख. लग्नात आधी ते बसतं, मग बाकीचं. ढाल आणि देवक यांत मला एक फरक मोठा वाटतो. ढाल मिरवायची असते. देवक असलेलं झाड तोडायचं नसतं.

मीरा-भाईंदरचं देवक कोणतं? माझं मत मिठागराला. उन्हाळ्यात खाजणातल्या चौकोनी वाफ्यांत पाणी आटतं, पांढरी साय धरते, लाकडी फळीनं ती ओढून बांधावर राशी लावतात. निळ्यावर पांढरं, म्हणजे रंगावर चांदी: धातूवर धातू नको, हा युरोपी ढालींचा नियमही पाळला जातो. पण उत्तनचा कोळी म्हणेल, बोंबील का नाही? वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगलेले बोंबील, ओळीच्या ओळी. असं चित्र कुठल्या कारागिराला सुचणार नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. फक्त बोंबील देवक ठरला तर खायचा कुणी, हा पेच.

खरी अडचण वेगळीच आहे. मिठागर देवक ठरवलं की त्यावर भराव टाकता येत नाही. स्पर्धा लावून मागवलेल्या बोधचिन्हाला असलं बंधन नसतं. त्यात खाडी काढावी आणि खाडी बुजवावी, दोन्ही चालतं.

आणि ठरवणार कोण? इथले बहुतेक लोक चाळीस-पन्नास वर्षांत आलेले: राजस्थानातून, गुजरातेतून, कोकणातून, उत्तरेतून. मिठागर त्यांनी पाहिलं ते लोकलच्या खिडकीतून. पण लग्नात देवकं दोन बसतात, वराकडचं आणि वधूकडचं, आपापल्या मांडवात. नंतर आलेल्या सुनेला सासरचं देवक कुणीतरी दाखवून द्यावं लागतं, एवढंच.