अनुमित गुणांकाचे प्रामाण्य

नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या परंपरेचे मूळ कुलाबा वेधशाळेत आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम सुरू झाल्यावर तेथील चुंबकीय नोंदी दूषित होणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली, आणि जुन्या मालिकेला नवी मालिका सांधता यावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेण्यात आली. असे सांधायचे तर दोन्ही ठिकाणच्या मोजमापांमधले नाते ठाऊक असावे लागते. दोन राशींमधले असे नाते नोंदींवरून आकड्यात बसवण्याच्या रीतीला आज समाश्रयण (रिग्रेशन) म्हणतात, आणि तीतून निघणाऱ्या आकड्याला गुणांक. हा गुणांक मोजलेला नसतो, अनुमानलेला असतो. म्हणून त्याच्यासोबत प्रमाण त्रुटी, म्हणजे तो किती इकडेतिकडे असू शकेल याचे माप, येते.

पुढे तो आज्ञावलीत उतरतो, तेव्हा त्याचे प्रामाण्य कोठून येते, हा प्रश्न भारतीय दर्शनांना जुनाच आहे. मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात, म्हणजे बाधक ज्ञान उद्भवेपर्यंत ज्ञान आपल्याच बळावर प्रमाण असते. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाची सत्यता त्याच्याबाहेरील कसोटीवर ठरते. मीमांसकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण पायरीपायरीवर शंका घेणारी आज्ञावली चालणारच नाही. परंतु त्रुटी टाकून नुसता आकडा ठेवला, तर नवी नोंद त्याच्याशी जुळली नाही तेव्हा तो खरा बाध की अपेक्षित चढउतार, हे ठरवण्याचे साधनच हरपते, आणि मग मीमांसकांची अटही पाळली जात नाही. ‘आर’ या संगणकभाषेत ‘कोएफ’ ही आज्ञा केवळ गुणांक देते. त्यांची अनिश्चितता दाखवणारी सारणी ‘व्हीकोव्ह’ने वेगळी मागावी लागते, आणि ती मागण्याचा आळस हाच येथील खरा दोष आहे.

नैयायिकांचा उपाधीचा विचार येथे अधिक उपयोगी पडतो. जेथे अग्नी तेथे धूर, हा नियम इंधन ओले असेल तरच टिकतो. ती छुपी अट म्हणजे उपाधी. गुणांकाची उपाधी म्हणजे तो ज्या काळाच्या, ज्या स्थळांच्या नोंदींतून निघाला ती परिस्थिती. पृथ्वीच्या मुख्य चुंबकीय क्षेत्राचे आंतरराष्ट्रीय प्रतिमान १९५ गुणांकांचे असून ते वेधशाळांच्या व उपग्रहांच्या नोंदींवरून बसवले जाते, आणि क्षेत्र सतत बदलत असल्याने दर पाच वर्षांनी नवे काढले जाते. म्हणजे तेथे उपाधी उघडपणे नोंदलेली असते. प्रत्येक आज्ञावलीकाराने गुणांकाशेजारी त्याचे वर्ष, नोंदींचा उगम आणि त्रुटी लिहावी. २०२५ हे आधारवर्ष असलेल्या त्या प्रतिमानाची मुदत २०३० पर्यंतच आहे.