हुकूम कोणाचा, निष्ठा कोणाशी?

‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद. पण खल कोण, हे ठरवायचे कोणी? १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१चा पोलीस कायदा केला, तो आयर्लंडमधल्या सशस्त्र दलाच्या धर्तीवर. परक्या सत्तेला जनतेचा रक्षक नको होता, हुकुमाचा ताबेदार हवा होता. तरीही त्याच कायद्याच्या २३व्या कलमात पोलिसाने ‘कायदेशीरपणे दिलेले’ हुकूम पाळावेत असे लिहिले आहे. म्हणजे आज्ञेला अट आहे, आणि ती तपासण्याची जबाबदारी शिपायाच्या विवेकावरही येते. माझ्या मते पोलिसाचा धर्म इथेच सुरू होतो.

यावर आक्षेप असा की, प्रत्येक जण हुकूम तपासू लागला तर शिस्त उरेल कुठे? शिवाय लोकनियुक्त सरकारचे नाही ऐकायचे, तर कोणाचे? आक्षेप वजनदार आहे. पण धोरण ठरवणे वेगळे आणि अमक्याला अटक करा, तमक्याला सोडा असे सांगणे वेगळे. पहिला सरकारचा अधिकार. दुसऱ्यात फक्त कायद्याचा शब्द चालावा. एकट्या शिपायाला विवेक झेपत नाही, बदलीची टांगती तलवार असते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये प्रकाश सिंह खटल्यात महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि पोलिसांविरुद्ध तक्रार प्राधिकरण, दोन्ही सांगितले. राज्यांनी ते निर्देश मनापासून अमलात आणावेत, आणि मतदारांनी त्याचा जाब मागावा.