अंगणातला सारस

फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यात एका तरुण शेतकऱ्याला शेतात जखमी सारस सापडला. पाय मोडलेला, रक्त वाहतंय. त्याने पक्ष्याला घरी आणलं, जखमेवर हळद आणि मोहरीचं तेल लावलं, पायाला काठी बांधून आधार दिला. काही आठवड्यांत सारस बरा झाला. आता तो उडून जाईल, असंच घरच्यांनी धरलं होतं. तो गेला नाही. जवळजवळ पुरुषभर उंचीचा तो पक्षी त्या शेतकऱ्याच्या ताटात जेवू लागला. मोटारसायकल निघाली की पंख पसरून तिच्यासोबत उडू लागला. ना दोरी, ना पिंजरा. दिवसा शिवारात भटकायचा आणि संध्याकाळी आपण होऊन अंगणात उतरायचा.

मग त्या उडण्याच्या चित्रफिती देशभर फिरल्या. लोक बघायला आले, राजकीय नेतेही आले. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने पक्षी ताब्यात घेतला आणि रायबरेलीच्या समसपूर पक्षी अभयारण्यात सोडला. तिथून तो जवळच्या गावात गेला, माणसांच्या मागे. त्याला पुन्हा पकडून कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेलं आणि शेतकऱ्याला नोटीस गेली. एप्रिलमध्ये तो भेटायला गेला तेव्हा जाळीपलीकडचा सारस त्याला ओळखून पंख फडफडवत उड्या मारू लागला. ते दृश्य पाहून अनेकांचे डोळे भरले. माझेही.

तरीही कायदा चूक होता, असं मला म्हणवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. तो कुणाच्या हाती आला तर ४८ तासांत कळवावं लागतं. ही तरतूद नसती तर ‘जखमी सापडला, जीव लागला’ असं सांगून पोपटांपासून बिबट्याच्या पिलांपर्यंत सगळ्यांचा बाजार उघड मांडला गेला असता. शिवाय प्रेमानेही प्राण्याचं नुकसान होतं, आणि ते फार उशिरा दिसतं.

सारसाच्या कुळातल्याच एका पक्ष्याची हकिगत आठवते. अमेरिकेत हूपिंग क्रेन हे क्रौंच एकेकाळी विशीच्या आसपास उरले होते. १९६७ मध्ये सॅन अँटोनियोच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचं एक अशक्त पिलू जन्मलं. जगावं म्हणून संचालकांनी ते घरी नेऊन वाढवलं. ते जगलं, पण अंड्यातून बाहेर येताच ज्यांचा सहवास मिळाला त्या माणसांनाच आपली जात मानून बसलं. टेक्स नावाची ही मादी मोठी झाल्यावर नराकडे ढुंकूनही बघेना. शेवटी जॉर्ज आर्चिबाल्ड हे संशोधक विणीच्या हंगामात तिच्याजवळ मुक्काम करू लागले. हात पसरून, उड्या मारून ते तिच्यासोबत क्रौंचांचं प्रणयनृत्य करायचे, तेव्हा ती अंडी द्यायची. कृत्रिम रेतनाने १९८२ मध्ये अखेर एक पिलू जन्माला आलं. आपल्या जातीचा सहवास मात्र टेक्सला कधी लाभला नाही.

त्यानंतर जंगलात सोडायची पिलं वाढवणारे लोक पांढरा झगा घालून, चेहरा झाकून वावरू लागले. क्रौंचाच्या डोक्यासारखी बाहुली हातात घालून भरवायचं आणि पिलासमोर शब्दही बोलायचा नाही. ज्याला रोज भरवतो त्याने आपल्याला ओळखूच नये, ही केवढी माया! पाळणं आणि वाचवणं यांतला फरक मला त्या झाकलेल्या चेहऱ्यात दिसतो.

अमेठीचा सारस टेक्ससारखा नव्हता. तो शेतात सापडला तेव्हा पिलू नव्हता. त्याला आकाश मोकळं होतं आणि तो रोज त्यात जातही होता. म्हणून मला वाटतं, कायद्याचा हेतू बरोबर होता, पण पक्ष्याची रवानगी चुकली. जो मोकळा राहूनही माणसाजवळ येत होता, तो मुक्ततेच्या नावाखाली कैदेत गेला. त्याच शिवारात, वनखात्याच्या देखरेखीखाली, हळूहळू त्याची माणसाची सवय मोडता आली असती. त्याला वेळ लागला असता, आणि गर्दीला, कॅमेऱ्यांना लांब ठेवावं लागलं असतं. तेवढा धीर ना खात्याने दाखवला, ना आपण बघणाऱ्यांनी. चित्रफीत पुढे पाठवणारा प्रत्येक हात त्या जाळीपर्यंत पोचला आहे.

सारसाला मुळात घर नको, शेजार हवा असतो. तो दाट जंगलातला पक्षी नव्हे. पाणथळीत, तळ्याकाठी, भातखाचरात राहणारा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडारा भागात उरला आहे, तोही अगदी थोडा. पावसाळ्यात जोडी धानाच्या बांदीत गवत-काड्या रचून घरटं करते, बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. घरट्यापुरतं पीक मोडतं. शेतकरी ते सोडतो, मजुरांना त्या बाजूला फिरकू देत नाही, कुत्री हाकलतो. त्या शेतकऱ्याच्या ताटात सारस जेवत नाही, म्हणून त्याची चित्रफीत कुणी बघत नाही. त्याच्या मोडलेल्या धानाचे पैसे हंगाम संपायच्या आत त्याच्या हातात पडले पाहिजेत आणि त्याच्या बांधावरून जाणाऱ्या वीजतारा सारसाच्या पंखांना लागणार नाहीत अशा केल्या पाहिजेत. अमेठीच्या पक्ष्यासाठी हळहळलेल्या आपण सगळ्यांनी आधी हे मागावं.