मागे बसणाऱ्याचा सूर

दुसऱ्याच्या सुरामागून चालण्यात ज्याचे आयुष्य जाते, त्याचे आयुष्य कमी प्रतीचे मानावे काय? हा प्रश्न माझ्या मनात उभा केला तो व्हायोलिनने.

वाद्य तसे परदेशी. तिकडे रुमानियाच्या जॉर्ज एनेस्कूसारखा वादक सबंध वाद्यवृंदासमोर उभा राही आणि साऱ्या सभागृहाचे डोळे त्याच्यावर खिळत. आपल्याकडे आल्यावर तेच वाद्य मांडी घालून खाली बसले, आणि पुष्कळदा गवयाच्या बाजूला, जरा मागे! त्याला पडदे नसतात. बोट तारेवरून घसरते तशी मींड निघते, आणि गज हाच त्याचा श्वास. म्हणून ते माणसाच्या गळ्याच्या इतके जवळ जाऊ शकते.

पंडित दामोदर केशव दातार यांनी ही जवळीक जन्मभर जोपासली. १९३२ साली कोल्हापुरात जन्मलेले दातार हे पंडित द. वि. पलुसकरांचे शिष्य. गुरू गवई आणि शिष्य वादक. शिकायचे गळ्याकडून आणि उतरवायचे बोटांत. गुरूंच्या मैफलीत ते साथीला बसत. १९५५ च्या ऑक्टोबरात पलुसकर गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. दातार तेव्हा ऐन विशीत होते. ज्याच्या मागून जायचे, तोच वाटेत नाहीसा झाला. पुढे दातारांचे व्हायोलिन अनेक दशके गातच राहिले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले.

मग ही सारी नक्कलच म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. गवई आता कोठल्या स्वराकडे वळणार, हे साथीदाराला अर्धा क्षण आधी उमगावे लागते. आणि उमगूनही त्याने आधी जायचे नसते. नक्कल करणाऱ्याला पुढचे ठाऊकच नसते. अनुसरणाऱ्याला ते ठाऊक असते, आणि तरी तो थांबतो. म्हणून गुरू गेल्यावर नक्कल करणारा मुका होतो. तबकडी तिच्यात भरले आहे तेवढेच बोलते. रोजची नवी मैफल शिष्याला स्वतःच्याच बळावर मांडावी लागते. मागे बसून दातारांनी गमावला असेल तर अहंकार. सूर गमावला नाही.

आमच्या परभणी जिल्ह्याला हे नवे वाटू नये. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवी, अभंगाच्या शेवटी स्वतःच्या नावाआधी त्यांचे नाव घाली. सातशे वर्षांनी आमच्या आयाबाया तिचे अभंग म्हणतात, तेव्हा त्यांतून बोलते ती जनीच.

पण येथेच सावध झाले पाहिजे. दातारांनी मागची जागा आपखुशीने पत्करली होती. जनीला दासीपण कोणी विचारून दिले नव्हते. तिची भक्ती तिची स्वतःची होती. दळणकांडण मात्र नशिबी आलेले. मी मास्तर माणूस. वर्गात एखादे मूल ऐकत असते म्हणून गप्प असते, तर एखादे धाकाने. दोघांचे गप्प बसणे दिसायला सारखेच! एक सद्गुण, दुसरा अन्याय. तो ओळखायचा कसा?

मैफलीतच त्याची खूण सापडते. भला गवई एखादी जागा घेऊन थांबतो, साथीदाराकडे पाहतो. त्या विसाव्यात साथीदार आपले म्हणणे मांडतो आणि गवई मान डोलावतो. जेथे पुढचा असा थांबतो, तेथे मागे बसण्याला साथ म्हणावे. जेथे तो थांबतच नाही, तेथे ती केवळ चाकरी.

आपल्या घरांत असा विसावा कोण ठेवतो? दिवाळीच्या पहाटे सर्वांच्या आधी उठून पाणी तापवणारी, सर्वांना तेल-उटणे लावणारी आणि फराळाला सर्वांच्या शेवटी बसणारी बाई घरोघर आहे. आपण तिच्या त्यागाचे गोडवे गातो आणि चकलीला हात घालतो. यंदा तिला आधी पाटावर बसवून विचारून पाहावे, की बाई, तुझे स्वतःचे काय म्हणणे आहे? ती लगेच बोलणार नाही. इतकी वर्षे कोणी थांबलेच नव्हते. आपण मात्र थांबावे.