कोळगेरी की वस्ती?

बंगलोरचे राजाजीनगर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे कामानिमित्त जाणाऱ्या मराठी बंधुभगिनींच्या कानी झोपडपट्टीसाठी ‘कोळगेरी’ हा शब्द पडतो. कन्नडमध्ये ‘कोळे’ म्हणजे मळ, ‘केरी’ म्हणजे गल्ली. आपण मराठीत तिलाच ‘वस्ती’ म्हणतो. एक शब्द घाण पाहतो, दुसरा माणसे.

मग परक्या शहरात अशी वस्ती पाहावयास जाणे योग्य आहे काय? योहान १:१४ मधील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘तंबू ठोकणे’ असा आहे. मराठी शास्त्रात तेथे ‘वस्ती करणे’ हेच शब्द आले आहेत. ताडपत्रीखाली राहणाऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही! प्रभू आपले दैन्य पाहून परतला नाही, तो राहिला.

दोन दिवसांच्या प्रवाशाला राहणे शक्य नसते. पण पाहुणा होणे शक्य असते. प्रभूने सत्तर जणांना पाठवताना, पुढे वाढतील ते खा, असे सांगितले (लूक १०:८). म्हणून कोणी बोलावल्यावाचून जाऊ नये, विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये. आणि दिलेला चहा नाकारू नये. शब्द बदलल्याने गटारे स्वच्छ होत नाहीत, हे खरे. परंतु ज्या घरचा चहा आपण घेतला, त्या घराला पाणी मिळते की नाही, हा प्रश्न मग परका राहत नाही.